दारातली ती काळी आकृती पुसू नका

जुन्या फोटोत धूसर, चेहरा नसलेलं कोणी दिसलं की आपल्याकडे आधी ‘भूत’ म्हणतात आणि लगेच ‘काढून टाका’ म्हणतात. मिरजेत वडिलांच्या स्टुडिओत मी कॉलेजात असतानाच रिटचिंगच्या टेबलाशी बसले, आणि आजही जुने फोटो दुरुस्त करणं हेच माझं काम आहे. त्यामुळे ही दोन्ही वाक्यं मी उभा जन्म ऐकत आले. पूर्वी त्यातलं दुसरं वाक्य महागात पडायचं. निगेटिव्हवरून माणूस घालवायचा तर सुरीच्या टोकानं खरवडा, पेन्सिलीनं भरा, प्रिंटवर ब्रश फिरवून भिंत जुळवून घ्या आणि मग त्या प्रिंटची पुन्हा कॉपी काढा, एवढा खटाटोप होता. तेवढ्यात गिऱ्हाइकाचं मत बदलायलाही वेळ मिळे. आता मोबाइलवर बोट फिरवलं की माणूस गेला आणि त्याच्या जागी भिंत आली. म्हणूनच हे जाहीरपणे लिहावंसं वाटतं.

गेल्या हिवाळ्यात वाईकडच्या एका घरातली मंडळी माझ्याकडे आली. कुलवृत्तांताची नवी आवृत्ती काढत होती, आणि मुखपृष्ठावर वाड्याच्या चौकात काढलेला मुंजीचा ग्रुप फोटो घ्यायचं ठरलं होतं. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, कडेला वाळवीनं खाल्लेला. मागे शाईनं ‘शके १८३८ वैशाख’, म्हणजे १९१६ सालचा उन्हाळा. मधे मुंडावळ्या बांधलेला बटू, दोन्ही बाजूंना खुर्च्यांवर पगडीवाले दोघे, मागे कोट-टोप्यांतले तरुण, डावीकडे नऊवारीतल्या बायका, पुढे सतरंजीवर मुलं. आणि सगळ्यांच्या मागे माजघराच्या दारात, उंबऱ्याच्या आत, डोक्यापासून पायापर्यंत काळी अशी एक आकृती. चेहऱ्याच्या जागी राखाडी फासल्यासारखं काहीतरी.

त्या घरात ही ‘काळी बाई’ चार पिढ्यांना ठाऊक होती. विहिरीत जीव दिलेली कुणी बाई, ती मुंजीच्या दिवशी फोटोत आली, अशी गोष्ट. घरातल्या एका आजींनी तो फोटो भिंतीवर लावू दिला नव्हता. तो ट्रंकेत पालथा पडून राहिला होता. फोटो घेऊन आलेले गृहस्थ शिकलेले, निवृत्त अभियंता. ते म्हणाले, “ताई, भुताबितावर माझा विश्वास नाही. पण बाकी काही केलं नाहीत तरी चालेल, ती बाई तेवढी घालवा. मुखपृष्ठावर बरं दिसत नाही.”

मी म्हटलं, आधी पाहू तरी द्या.

फोटोतल्या भुतांचा धंदा फोटोइतकाच जुना आहे. अमेरिकेत बॉस्टनच्या विल्यम ममलरनं १८६० च्या दशकात गिऱ्हाइकाच्या पाठीशी त्याच्या मेलेल्या नातेवाइकाची धूसर छबी उमटवून देण्याचा उद्योग मांडला. अब्राहम लिंकन यांच्या विधवा पत्नीही त्याच्याकडे जाऊन फोटो काढून आल्या. १८६९ मध्ये न्यूयॉर्कला त्याच्यावर फसवणुकीचा खटला चालला, तो सुटला, पण एकाच काचेवर दोन छबी कशा घेता येतात हे तोवर धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत झालं होतं. आपल्याकडच्या स्टुडिओंनीही माणसं घातली आणि काढली, फक्त उघडपणे. आजोबा वारले, ग्रुप राहून गेला, तर त्यांचा जुना फोटो कापून रिकाम्या खुर्चीवर बसवायचा आणि त्याची कॉपी काढायची. हे काम मी स्वतः कितीतरी केलंय, आणि तो फोटो पाहून रडलेल्या बायकाही पाहिल्यात. त्या कामाच्या खुणा लपत नाहीत. कापलेल्या कडेशी ब्रशचा हात दिसतो, उजेड एकीकडून आणि सावली भलतीकडे पडते, डोकं अंगापेक्षा अंमळ मोठं होतं. या फोटोत तसलं काही नव्हतं. एकाच काचेवर दोनदा घेतलेल्या फोटोत मागचं दारही दोनदा उमटलं असतं. इथं चौकट एकच, कोरीव काम स्वच्छ, आणि आकृती त्या चौकटीच्या बरोबर आत. म्हणजे ती तिथं उभी होती. हाडामांसाची.

मग ती काळी का?

सिनेमात डार्करूम दाखवतात तेव्हा लाल दिवा असतो, तो सगळ्यांनी पाहिलेला आहे. लाल उजेडात काच धुता येते, कारण त्या काचेला लाल रंग दिसतच नाही. त्या काळच्या प्लेटा निळा रंग अधाशासारख्या टिपायच्या, हिरवा-पिवळा कमी-अधिक. लाल त्यांच्या लेखी अंधारच. सगळे रंग टिपणाऱ्या प्लेटा १९०६ मध्ये इंग्लंडात विकायला आल्या होत्या, पण त्या महाग, आणि धुवायच्या तर मिट्ट काळोखात. गावोगाव फिरणारा फोटोग्राफर त्यांच्या वाटेला जात नसे. म्हणून जुन्या फोटोंत आपल्या बायकांच्या कपाळावरचं कुंकू काळं दिसतं. आपल्या लोकांच्या अंगाचा तांबूस सावळा रंगही होता त्याहून गडद उतरतो, आणि वडिलांच्या पिढीतल्या रिटचरांचं निम्मं आयुष्य निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून ते चेहरे उजळण्यात गेलं.

हे त्या गृहस्थांना पटेना. तेव्हा मी विचारलं, फोटोतल्या आजोबांची पगडी घरात आहे का? होती. पुढच्या खेपेला लाकडी पेटीतून ती घेऊन आले. लाल पगडी, कडेनं रंग उडालेला, पण घडीच्या आत अजून डाळिंबी. मी ती टेबलावर ठेवली आणि शेजारी स्क्रीनवर फोटोतली तीच पगडी मोठी करून दाखवली. कोळशासारखी काळी. मग पडदा सरकवून दारातली आकृती आणली. तोच काळा. ते बराच वेळ एकदा पगडीकडे, एकदा स्क्रीनकडे बघत राहिले आणि मग हळूच म्हणाले, “लाल लुगडं?”

लाल लुगडं म्हणजे आलवण. डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला, कारण आत केस नाहीत. ज्या घरांत विधवेचं वपन व्हायचं त्या घरांत तिला नेसायला हेच तांबडं जाडंभरडं वस्त्र असे. माझ्या वयाच्या पुष्कळांनी लहानपणी एखादी तरी अशी आजी पाहिलेली असेल. मी पाहिली आहे, मिरजेतच, ब्राह्मणपुरीत, ओट्यावर वाती वळत बसलेली.

बाकीचं भिंगाखाली आपोआप उलगडत गेलं. आकृतीचा उजवा हात चौकटीला टेकलेला आहे आणि तो हात लख्ख आलाय, नखांसकट. मनगट उघडं, बांगडी नाही. चौकात सावली धरून ग्रुप बसवायचा, सगळ्या रांगा स्पष्ट याव्यात म्हणून भिंगाचं तोंड बारीक करायचं, आणि मग टोपण हातानं काढून सेकंद-दोन सेकंदांनी परत लावायचं, अशी ती पद्धत. तेवढ्या वेळात जे हललं ते पुसट झालं. हात टेकलेला होता म्हणून टिकला. डोकं वळलं म्हणून चेहरा गेला. पॅरिसच्या रस्त्याचा दागेरनं १८३८ मध्ये घेतलेला फोटो प्रसिद्ध आहे. भर वर्दळीचा रस्ता त्यात ओस दिसतो, कारण काही मिनिटांच्या त्या अवधीत चालणारं कोणीच उमटलं नाही. उमटला तो बूट पॉलिश करून घ्यायला पाय रोवून थांबलेला एक माणूस. आमच्या फोटोतल्या बाईंचा फक्त हात थांबला होता.

त्या का वळल्या असतील? कुणी हाक मारली असेल, किंवा फोटोवाल्यानं टोपण काढलेलं पाहून मागे सरायला लागल्या असतील. मला दुसरंच खरं वाटतं. मुंजीचा दिवस. सोवळ्यातला स्वयंपाक बहुधा यांच्याच हातचा. मातृभोजनाला, औक्षणाला, ओटी भरायला विधवेचं काम नाही. फोटोला तर नाहीच. काळ्या कापडाखाली शिरणारा फोटोवाला बघायला त्या माजघरातून दारापर्यंत आल्या, उंबरा ओलांडला नाही, आणि आपण दिसतो आहोत हे ध्यानात येताच वळल्या. हा माझा तर्क आहे. पण उंबऱ्याच्या आत उरलेले त्यांचे पाय मी पाहिलेत, आणि त्यावरून केलेला आहे.

त्या होत्या कोण, हे शोधायचं काम त्या घरानं केलं, आणि त्याबद्दल मला त्यांचं मनापासून कौतुक आहे. वाड्यात मोडीतल्या जमाखर्चाच्या वह्यांची बासनं होती. मोडी वाचणारे एक मास्तर गाठले. दर वर्षाच्या खर्चात आलवणाच्या कापडाचा आकडा निघाला, आणि महिन्याच्या खर्चात न्हाव्याचा एक वेगळा आकडा, आत्याबाईंच्या नावे. नाव म्हणजे ‘आत्याबाई’ एवढंच. खरं नाव नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडच्या नामावळीत मिळालं. खुर्चीवरच्या पगडीवाल्यांपैकी एक जण यात्रेला गेले होते, त्यांच्या नोंदीत ‘सोबत भगिनी’ म्हणून. त्यांचं नाव इथं लिहीत नाही. ते सांगायचा हक्क त्या घराचा. पण त्या बटूच्या सख्ख्या आत्या. बालपणी लग्न, बालपणीच वैधव्य, मग माहेरी. आणि वहीतला आलवणाचा खर्च शके १८५१ पर्यंत चालू आहे. म्हणजे हा फोटो निघाल्यावर पुढे तेरा वर्षं त्या त्या घरात जगल्या, राबल्या. विहीर वगैरे काही नाही.

ही गोष्ट आली कुठून मग? मला वाटतं, ज्यांना माहीत होतं त्यांना सांगायला जड गेलं. नातवंडानं फोटोवर बोट ठेवून ‘ही कोण?’ विचारल्यावर ‘ही तुझ्या आजोबांची आत्या, हिचे केस आपणच दर महिन्याला काढवत होतो, आणि ही शुभकार्यात पुढे आलेली आपल्याला चालत नव्हती’ असं कोण सांगणार? त्यापेक्षा भूत सांगणं सोपं. भुताची घराण्याला लाज वाटत नाही.

इंग्लंडमध्ये १९६४ च्या मे महिन्यात अग्निशमन दलातल्या एका माणसानं सॉलवे फर्थच्या किनारी आपल्या छोट्या मुलीचा फोटो काढला. धुऊन आला तर तिच्या डोक्यामागे पांढऱ्या पोशाखातला कुणी अंतराळवीर उभा! जगभर गाजला तो फोटो, अजून गाजतो. त्याचा सगळ्यात पटणारा उलगडा असा, की ती त्याची बायको होती, पाठमोरी. फिकट निळा पोशाख उन्हात जास्त उजेड खाऊन पांढराफटक उमटला. सहलीला सोबत आलेली बायको कुणाला आठवली नाही, अंतराळवीर आठवला. देश कुठलाही असो, घरातली बाई मागे उभी असू शकते हे शेवटी सुचतं, याचं मला फार वाईट वाटतं.

आमच्याकडे तर तिला मागे ठेवण्याची रीतसर व्यवस्था होती. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी फसवल्या गेलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते १८६३ मध्ये. विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही म्हणून मुंबईतल्या न्हाव्यांनी १८९० मध्ये संप केला, नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं. कर्व्यांनी १८९३ मध्ये पुनर्विवाह केला आणि १८९६ मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. हे सगळं होऊन गेल्यावर, १९१६ मध्ये, वाईच्या बाजूला एका खात्यापित्या घरात एक बाई आलवण नेसून दारात उभी आहे. सुधारणेचा इतिहास आपण सालवार पाठ करतो. ती किती घरांच्या उंबऱ्यापाशी अडली, हे असल्या फोटोंतच दिसतं.

कुलवृत्तांत काढणाऱ्यांकडे माझं मागणं सरळ आहे. वंशवृक्षात मुलगी सासरच्या आडनावासह एका ओळीत उरकली जाते. सासरच्या पुस्तकात ती असते ती कुणाची तरी आई म्हणून. बालविधवा होऊन माहेरी परतलेली बाई या दोन्ही पुस्तकांतून गळते. तिकडे वंश नाही आणि इकडे ‘दिलेली’. अशा आत्या, अशा मावश्या, अशा काकवा प्रत्येक आवृत्तीत शोधून घालाव्यात. त्यांची नावं जमाखर्चात, तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत, शेतीच्या पोटगीच्या कागदांत, कोर्टाच्या निकालांत सापडतात. चार कर्त्या पुरुषांचे सत्कार-सोहळे एखाद्या पानानं कमी करा आणि तेवढं पान यांना द्या.

मोबाइलवर आणि कॉम्प्युटरवर जुने फोटो ‘ताजे’ करणाऱ्यांनाही हात जोडून सांगणं आहे. ती यंत्रं आता फाटलेल्या, पुसटलेल्या चेहऱ्याच्या जागी नवा गोंडस चेहरा घालतात. तो चेहरा कुणाचाच नसतो. मी त्या गृहस्थांसमोर या आत्याबाईंच्या धूसर चेहऱ्यावर ते करून दाखवलं. क्षणात गोरी, तरुण, टपोऱ्या डोळ्यांची मुलगी आली, कपाळावर टिकलीसुद्धा! त्यांनी ताबडतोब म्हटलं, “नको, नको, पुसा.” त्या एका टिकलीनं शंभर वर्षांचं खोटं झालं असतं, आणि पुढच्या पिढीनं ते खरं मानलं असतं. रंग भरणाऱ्यांचंही तेच. यंत्र त्या लुगड्याला काळंच समजणार आणि काळंच रंगवणार.

घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी हरकत घेतली. म्हणाले, हे छापलंत तर लोक घराण्याला नावं ठेवतील, आणि त्या बाईंनाही ते आवडलं असतं का? पहिल्या हरकतीला माझ्याकडे उत्तर आहे: तेव्हाच्या प्रत्येक तशा घरानं हे केलं, त्यात एकट्या तुमच्या घराचा काही वेगळेपणा नाही; वेगळेपणा येईल तो कबूल करण्यात. दुसरी हरकत मला आतवर लागली. वळून गेलेल्या बाईला आपण ओढून मुखपृष्ठावर आणतोय का? पुष्कळ विचार केल्यावर मला वाटतं, त्या वळल्या त्या भीतीनं, आणि ती भीती आपण घातलेली होती. घालणाऱ्यांच्या वारसांनी ती काढून घ्यायला हवी. फोटो तसाच छापायचं ठरलं. खाली नावं डावीकडून उजवीकडे, आणि शेवटी ‘दारात उभ्या’ असं लिहून आत्याबाईंचं पूर्ण नाव.

हा सगळा शंभर वर्षांपूर्वीचा मामला म्हणून कुणी सोडून देऊ नये. मिरजेहून कृष्णेपलीकडे गेलं की शिरोळ तालुका लागतो. तिथल्या हेरवाड गावानं ४ मे २०२२ रोजी ग्रामसभेत ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर गावांनाही तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. ठराव करावा लागला, याचा अर्थ उघड आहे. आजही लग्नाच्या ग्रुप फोटोत ‘सगळ्यांनी या’ म्हटल्यावर मागे रेंगाळणारी एखादी मावशी माझ्या डोळ्यांना दिसते. लग्नाचे फोटो काढणाऱ्या मुलांना मी सांगते, तिला नावानं हाक मारा, मधे उभी करा, आणि मग बटण दाबा.

दिवाळीत, मे महिन्यात घरं भरतात तेव्हा जुने फोटो बाहेर काढा आणि घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईच्या पुढ्यात ठेवा. पुरुषांना खुर्चीवरची माणसं आठवतात. दारातली, खिडकीतली, मूल कडेवर घेतलेली माणसं बायकांना आठवतात. ती सांगेल ते फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीनं लिहा, दाब न देता. बॉलपेन नको, त्याची रेघ पुढून उमटते. सांगणारीचं नाव आणि तारीखही टाका. आणि कुणाकडे काचेच्या निगेटिव्हच्या पेट्या असतील तर त्या भंगारात घालू नका. किती स्टुडिओंनी त्या गरम पाण्यात धुऊन काचा फ्रेमला वापरल्या, हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय. प्रत्येक काच वेगळ्या कागदात गुंडाळा, पेटीत उभी ठेवा, ओलीपासून लांब ठेवा, आणि जवळच्या एखाद्या वस्तुसंग्रहालयाला किंवा इतिहास मंडळाला विचारा. प्रिंटमध्ये दार नुसतं काळं ठिक्कर दिसतं, तेव्हाही काचेत त्या काळोखात उभं असलेलं माणूस पुष्कळदा शिल्लक असतं. स्कॅन करणाऱ्याला सांगा, की सावलीचा भाग उजळून बघ.